तीन इंची पाईपलाईन, ६०० मीटर : दाब नेमका जातो कुठे?

तापीकाठ :
राम राम मंडळी. रावेर तालुक्यात आमची केळी आहे. विहिरीत साडेसात एचपीची सबमर्सिबल मोटर, तिथून शेतापर्यंत ६०० मीटर तीन इंची पीव्हीसी, सहा किलो दाब सोसणारी. वडिलांनी टाकली तेव्हा मी शाळेत होतो. आता पलीकडचं शेत करायला घेतलंय, मृगबाग (मृगाच्या सुमारास लावायची केळी) लावायचाय, म्हणजे लाईन आणखी ३०० मीटर पुढे न्यायची.

दुकानदार म्हणतो चार इंची टाका. काका म्हणतात, "त्याला माल खपवायचाय. तीनला तीनच जोडायची. लांबी दीडपट, तर दाबही दीडपट जाईल. एवढं काय त्यात?" मला मात्र वेगळाच प्रश्न पडलाय. पाईप पुरायच्या आधी हे आकड्यात सांगता येतं का, की चारी बुजवल्यावरच कळायचं?

सध्याची परिस्थिती अशी : २०० लीटरचा ड्रम २७ सेकंदांत भरतो. मोटरजवळचं गेज २.६ किलो दाखवतं, शेताच्या टोकाचं ०.२. शेत विहिरीच्या काठापेक्षा ५ मीटर उंच आहे, लेव्हलवाल्याकडून मोजून घेतलंय.

भरीत_पार्टी :
दहाची मोटर टाक. विषय संपला.

पाईपवाला :
आणि केबल, स्टार्टर, पॅनल कोण बदलणार? शिवाय त्याच पाईपमधून जास्त पाणी रेटायला गेलात तर वाढलेला बराचसा जोर पाईपच खाऊन टाकतो. माझं दुकान आहे म्हणून सांगतोय असं समजू नका, मोटरीही मीच विकतो.

निवृत्त_मास्तर :
तापीकाठ, मोजून विचारलंत म्हणून आनंद झाला. लोक बहुतेक वेळा "पाणी कमी येतं" एवढंच सांगतात. मी ३१ वर्षं हायड्रॉलिक्स शिकवलं, त्यामुळे पोस्ट लांबणार.

काकांचं निम्मं बरोबर आहे. पाणी तेवढंच वाहत असेल तर घर्षणात जाणारा दाब लांबीच्या सरळ प्रमाणात वाढतो. पण व्यासाशी त्याचं नातं सरळ नाही. तेवढंच पाणी न्यायचं असेल तर हा दाब व्यासाच्या जवळपास पाचव्या घाताच्या उलट प्रमाणात बदलतो. तुमच्या ९० मिमी पाईपचं आतलं तोंड साधारण ८४ मिमी, ११० मिमीचं साधारण १०३. फरक पाव पटीहून कमी दिसतो, पण घर्षण २.६ पटीने उतरतं. दुकानदार माल खपवत असेलही, पण या बाबतीत खोटं बोलत नाहीये.

आता मूळ प्रश्न, आधी सांगता येतं का. येतं. पाणी पाईपमधून दोन तऱ्हांनी वाहतं. फार सावकाश असेल तर थरावर थर सरकल्यासारखं, म्हणजे स्तरीय. वेग वाढला की आत भोवरे उठतात, मधलं वेगवान पाणी भिंतीकडे फेकलं जातं, भिंतीजवळचं मंद पाणी मध्ये येतं. हा संक्षुब्ध प्रवाह. ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८३ साली मँचेस्टरमध्ये काचेच्या नळीत रंगाची बारीक धार सोडून हे दाखवलं. वेग कमी असेपर्यंत रंगाची रेघ दोऱ्यासारखी सरळ राहायची, एका मर्यादेनंतर अचानक फिसकटून सगळं पाणी रंगायचं. वेग गुणिले व्यास भागिले पाण्याची गतिक श्यानता (घनतेने भागलेला चिकटपणा), हा रेनॉल्ड्स आकडा. तो दोन हजारांच्या थोडा वर गेला की पाईपमधली शांतता टिकत नाही.

तुमच्या ८४ मिमी नळीत पाणी शांत ठेवायचं म्हणाल तर १५ लीटरची बादली भरायला अडीच मिनिटं लागतील इतकंच सोडावं लागेल. तुमचा प्रवाह सेकंदाला ७.४ लीटर, वेग सेकंदाला १.३ मीटरच्या आसपास, रेनॉल्ड्स आकडा सुमारे १ लाख ४० हजार. म्हणजे आत पूर्ण खळबळ. हाच प्रवाह चमत्काराने शांत राहिला असता तर ६०० मीटरला फूटभर दाब गेला असता (दाब इथे पाण्याच्या उंचीत मोजतोय). खळबळीमुळे तो छत्तीसएक पट होतो.

ब्लासियसने १९१३ मध्ये गुळगुळीत पाईपसाठी सोपं सूत्र दिलं. घर्षणांक म्हणजे ०.३१६ भागिले रेनॉल्ड्स आकड्याचं चौथं मूळ. तुमच्यासाठी तो येतो ०.०१६३. मग डार्सी-वाइसबाखचं सूत्र : घर्षणांक गुणिले लांबी भागिले व्यास, गुणिले वेगाचा वर्ग भागिले दोन जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा त्वरण). उत्तर साधारण १०.६ मीटर. सांधे, बेंड धरून ११ ते १२ म्हणा.

आता तुमची गेजं पाहा. २.६ वजा ०.२ म्हणजे २.४ किलो. गेजवरचा एक किलो म्हणजे साधारण १० मीटर उंच पाण्याचा दाब, म्हणजे २४ मीटर. त्यातून चढाचे ५ वजा केले की १९ उरले. माझ्या हिशोबाने ११-१२, तुमच्या पाईपने १९. मधले सात-आठ मीटर कुठे गेले?

भरीत_पार्टी :
म्हणजे सूत्र चुकलं 😀 पुस्तकातलं शेतात चालत नाही हे मी कधीपासून सांगतोय.

जलरेखा :
मी गावांच्या पाणीपुरवठ्याच्या योजना डिझाइन करते. आमच्याकडे बहुतेक हिशोब हेझन-विल्यम्सने होतात, त्यात पाईपचा एक सी आकडा असतो, पाईप जितका गुळगुळीत तितका तो मोठा. पीव्हीसीला १४० ते १५०. नव्या पाईपसाठी १५० धरला तर तापीकाठ यांच्या लाईनला ११.७ मीटर, सावधपणे १४० धरला तर १३.३. सरांचं सूत्र आणि माझं सूत्र यांत मीटर-दोन मीटरचा फरक पडतो हे मान्य. माझ्या सूत्रात श्यानता नाहीच, ते फक्त साध्या तापमानाच्या पाण्यासाठी आहे. पण कुठल्याही सूत्राला ओढूनताणून १९ येत नाही. १९ आणायला सी १२० च्याही खाली न्यावा लागेल, आणि तो पीव्हीसीचा आकडा नव्हे, धातूच्या जुन्या पाईपचा झाला.

भरीत_पार्टीदादा, सूत्र चुकलं म्हणण्याआधी पाईप तपासायला हवा. मी योजनेवर हेच करते. गणित आणि गेज यांत दहा-पंधरा टक्क्यांचा फरक असेल तर गप्प बसते. त्याहून जास्त असेल तर खणायला सांगते.

पाईपवाला :
आत क्षार बसला असेल. आमच्याकडे बोअरच्या लाईनी कापल्या की आत पांढरी खपली निघते.

तापीकाठ :
बोअर नाही, विहीर आहे. आणि मागच्याच वर्षी मोटरजवळचा एक तुकडा बदलला तेव्हा आतून बोट फिरवलं होतं. हलका शेवाळी बुळबुळीतपणा होता, खपली नव्हती.

निवृत्त_मास्तर :
बोट फिरवलंत हे उत्तम केलंत, कारण खडबडीतपणाची गंमत तिथेच आहे. संक्षुब्ध प्रवाहातही भिंतीला चिकटून पाण्याचा एक पातळ थर शांत राहतो. तुमच्या पाईपमध्ये त्याची जाडी साधारण ०.०६ ते ०.०७ मिलिमीटर येते. वहीच्या कागदाहून पातळ. पीव्हीसीचे उंचवटे ०.००१५ मिमीच्या घरातले, म्हणजे त्या थराखाली पार बुडालेले, भोवऱ्यांना त्यांचा पत्ताच नाही. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाईपचे उंचवटे ०.१५ मिमी. ते थर फाडून वर येतात आणि भोवऱ्यांना अडतात. तुमची लाईन सगळी जीआयची असती तर घर्षण जवळपास दीडपट झालं असतं.

हे कळलं कसं? निकुराडझे नावाच्या संशोधकाने जर्मनीतल्या गॉटिंगेनमध्ये चाळून एकसारखी केलेली वाळू पाईपच्या आत चिकटवली आणि वेगवेगळ्या जाडीच्या वाळूसाठी चिकाटीने मोजमापं घेतली. १९३३ साली ती छापली. पाईप पुरेसा खरखरीत आणि वेग पुरेसा जास्त असेल तर घर्षणांक वेगावर अवलंबून राहतच नाही, फक्त वाळूच्या कणाचं व्यासाशी प्रमाण किती तेवढंच उरतं, हे त्यात स्पष्ट दिसलं. पण बाजारातल्या पाईपच्या आत वाळू चाळून लावलेली नसते, लहानमोठे उंचवटे मिसळलेले असतात. म्हणून कोलब्रुकने १९३९ मध्ये गुळगुळीत आणि खरखरीत या दोन टोकांना सांधणारं सूत्र दिलं. अडचण एकच, त्यात घर्षणांक बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना येतो, त्यामुळे अंदाज धरून पुन्हापुन्हा सोडवावं लागतं. मूडीने १९४४ मध्ये त्याचा आलेख काढला. आम्ही परीक्षेत त्या आलेखावर पट्टी ठेवून डोळे फोडायचो. पुढे १९७६ मध्ये स्वामी आणि जैन या दोन भारतीय अभियंत्यांनी थेट उत्तर देणारं सूत्र दिलं, ते आज मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतं. त्यानेही तुमचं उत्तर १०.९ येतं.

पांझरा :
मास्तर, इतकं सोपं करीसन कोणी सांगं नव्हतं. आमना आबा फड बागायतमा पाटकरी व्हतात. त्यासले सूत्र माहीत नव्हतं, पन पाटमा गवत वाढनं की शेवटना वावरले पानी उशिरा जास, हाई बराबर माहीत व्हतं.

(इथे सगळेच अहिराणी वाचणारे नाहीत म्हणून पुढचं साध्या भाषेत.) साक्रीकडे फड बागायतीत, म्हणजे सामाईक पाटपाण्याच्या शेतीत, पांझरा नदीवरच्या बंधाऱ्यांतून निघणारे पाट दरवर्षी सगळे मिळून साफ करायचे. तेही घर्षणच कमी करणं झालं ना?

निवृत्त_मास्तर :
अगदी. उघड्या पाटाला मॅनिंगचं सूत्र लावतात, त्यातला खडबडीतपणाचा आकडा गवताने सहज दुप्पट होतो. तुमच्या आबांनी तो डोळ्यांनी मोजला.

भोवरा :
मूळचा नंदुरबारचा, सध्या पुण्यात प्रवाहांवरच संशोधन करतो. मास्तरांच्या सगळ्याला दुजोरा, फक्त एक खोडा घालतो. हे "आधी सांगता येतं" नेमकं कशाच्या जोरावर? प्रवाहाची मूळ समीकरणं, नेव्हिए-स्टोक्सची, एकोणिसाव्या शतकापासून आपल्याकडे आहेत. पण फक्त त्यांच्यावरून, कुठलंही मोजमाप न वापरता, संक्षुब्ध प्रवाहाचा घर्षणांक कागदावर काढून दाखवणं अजून कोणाला जमलेलं नाही. ब्लासियसचा ०.३१६ हा मोजलेल्या आकड्यांवर बसवलेला आहे. प्रांटल आणि कारमानने भिंतीपासूनच्या अंतराच्या लॉगरिदमने वेग वाढतो असं मांडलं, तो विचार सुंदर आहे, पण त्यातला ०.४ च्या आसपासचा स्थिरांक शेवटी प्रयोगातूनच घ्यावा लागतो. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात तर दाबलेल्या हवेने भरलेला एक मोठा पाईप याच तपासणीसाठी उभा केला, रेनॉल्ड्स आकडा कोटींपर्यंत नेता यावा म्हणून.

मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी. ब्लासियसचा चौथ्या मुळाचा नियम जवळजवळ शंभर वर्षं नुसता "बसतो म्हणून" वापरला जात होता. २००६ मध्ये जिओया आणि चक्रवर्ती यांनी दाखवलं की मोठे भोवरे फुटून छोटे, छोट्यांचे आणखी छोटे, अशी ऊर्जेची जी उतरंड कोल्मोगोरोव्हने १९४१ मध्ये मांडली होती, तिच्यातून तो पाव घात आपोआप निघतो. भिंतीवरच्या दोन उंचवट्यांमधल्या खाचेत मावेल एवढा भोवराच घर्षणाचं खरं काम करतो, ही त्यामागची कल्पना. निकुराडझेच्या आलेखातली रेघ मधेच खाली जाऊन पुन्हा वर चढते, तो विचित्र वळसाही त्यातून बराचसा समजतो.

भरीत_पार्टी :
हे सगळं ठीक, पण घर्षण कमी करायचं औषध सांगा.

भोवरा :
आहे की. टॉम्स नावाच्या शास्त्रज्ञाने १९४८ मध्ये दाखवलं की लांब साखळीचा पॉलिमर अगदी चिमूटभर मिसळला तरी संक्षुब्ध प्रवाहाचं घर्षण खूप उतरतं. अलास्काच्या तेलवाहिनीत हे प्रत्यक्ष वापरतात. शांत प्रवाहात त्याचा उपयोग शून्य, तो फक्त भोवऱ्यांना लगाम घालतो.

भरीत_पार्टी :
मग विहिरीत भेंडी टाकू का? तीही बुळबुळीतच.

भोवरा :
हसताय, पण भेंडीच्या चिकट रसावरही असे प्रयोग झालेत आणि घर्षण कमी झालेलं आहे. फक्त पंपाच्या पंख्यातून जाताना त्या साखळ्या तुटतात, आणि तापीकाठभाऊंच्या ड्रिपच्या फिल्टरचं काय होईल ते तुम्हीच धुवायला जा.

जलरेखा :
😂 धागा भरकटायच्या आत : तापीकाठ, मधोमध तिसरं गेज लावा. दोन टोकांच्या गेजांवरून किती गेलं ते कळतं, कुठे गेलं ते कळत नाही. ३०० मीटरवर सॅडल (पाईपला भोक पाडून बसवायचा पट्टा) बसवा, गेजसाठी पाऊण इंची तोंड काढा, त्या जागेची उंचीही लिहून ठेवा. गेज शक्यतो एकच वापरून तिन्ही ठिकाणी फिरवा. स्वस्तातली दोन गेजं एकमेकांशी कधीच जुळत नाहीत.

निवृत्त_मास्तर :
मीही हेच लिहिणार होतो. दोन्ही अर्ध्यांत सारखं घर्षण निघालं तर खडबडीतपणा सगळीकडे वाढलाय. एका अर्ध्यात जास्त निघालं तर तिथे काहीतरी आहे. अर्धवट बंद पडलेला व्हॉल्व्ह, झाडाचं मूळ, जेसीबीने तुटल्यावर घाईत जोडलेला बारीक तुकडा, काहीही.

तापीकाठ :
चार दिवस लागले, कारण लाईट रात्रीची होती आणि रात्री गेज वाचायला बॅटरी घेऊन कोणी येईना. शेवटी सालदार आणि मी असे दोघेच गेलो. मधली जागा निंबाखाली, विहिरीच्या काठापेक्षा २ मीटर उंच. एकच गेज फिरवलं.

मोटरजवळ २.६. निंबाखाली १.८५. शेतात ०.२.

म्हणजे पहिल्या ३०० मीटरला ७.५ गेले, त्यातले चढाचे २ काढले तर घर्षणाचे ५.५. दुसऱ्या ३०० ला १६.५ गेले, चढाचे ३ काढले तर १३.५. माझं काही चुकतंय का?

निवृत्त_मास्तर :
काही चुकत नाही. पहिल्या अर्ध्याचा हिशोब ५.३, तुम्ही मोजलेले ५.५. इतक्या वर्षांच्या पाईपला आणि बाजारातल्या गेजला यापेक्षा चांगलं जुळणं मागू नये. दोष दुसऱ्या अर्ध्यात आहे. एखादा व्हॉल्व्ह किंवा तुकडा असेल तर सगळा दाब एकाच जागी पडेल. तेव्हा त्या अर्ध्याचेही मधून दोन भाग करा.

तापीकाठ :
केले. ४५० वर गेज लावलं, चढ वजा करून दोन्ही तुकडे जवळजवळ सारखे निघाले, ६.६ आणि ६.९. म्हणजे दाब एका ठिकाणी पडत नाहीये, सगळीकडे सारखाच गळतोय.

जलरेखा :
अडथळा नाही, मग व्यासच. तापीकाठ, तिथे एक फूट खणा आणि पाईपवर काय छापलंय ते वाचा.

पाईपवाला :
मला आता कळलं. थांबा, मी बोलत नाही, आधी खणू द्या.

तापीकाठ :
खणलं. ओल्या फडक्याने पुसलं. पाईपवर छापलंय ७५ मिमी.

पाईपवाला :
हेच म्हणणार होतो. बाजारात "तीन इंची" म्हणजे ९० मिमी. पाईपवरचा मिमीचा आकडा बाहेरच्या व्यासाचा असतो. ७५ ला "अडीच इंची" म्हणतात. पण तीन इंच गुणिले पंचवीस करून ७५ मागणारं गिऱ्हाईक वर्षातून दोन-तीन तरी येतंच. आणि समोरचा गप्प बसून देतो, कारण स्वस्तही पडतं.

तापीकाठ :
दोन टप्प्यांत लाईन टाकली होती. पहिला टप्पा वडिलांनी, दुसरा पुढच्या वर्षी काकांनी आणला. आज जेवताना विचारलं. म्हणाले, "तीन इंच म्हणजे पंच्याहत्तरच ना?" गणितात त्यांचं काही चुकलेलं नाही. जोडताना सॉकेट बसेना तेव्हा रिड्यूसर (मोठ्या पाईपला लहान जोडणारा तुकडा) लावला, तेही त्यांना आठवतंय.

निवृत्त_मास्तर :
७५ चं आतलं तोंड साधारण ७० मिमी. ८४ वरून ७० वर आलं की घर्षण २.४ पट. ५.३ गुणिले २.४ म्हणजे १२.७, वर रिड्यूसर आणि सांधे. तुम्ही १३.५ मोजलेत.

भोवरा, मूळ समीकरणांतून हे सूत्र निघत नसेल, पण दीड फूट मातीखालचा चुकीचा पाईप त्याने न खणता शोधून दिला, एवढं मान्य करा.

भोवरा :
मान्य. पूर्ण मान्य. फक्त तो कोणी आणला हे सांगणारं सूत्र अजून निघायचंय.

भरीत_पार्टी :
माझी दहाची मोटर मागे घेतो.

तापीकाठ :
महिन्यानंतरचं अपडेट. दुसरे ३०० मीटर काढून ११० मिमी टाकली. यावेळी गाडीवरून उतरवताना प्रत्येक नळीवरचा आकडा मी वाचला. तीच मोटर, तोच ड्रम, २३ सेकंद. म्हणजे सेकंदाला ८.७ लीटर. मोटरजवळचं गेज १.८ वर आलंय. निघालेली ७५ ची नळी बरीचशी शाबूत आहे, तिचा सबमेनला (मुख्य लाईनीतून ड्रिपला पाणी वाटणाऱ्या फाट्याला) उपयोग करतोय.

पुढचे ३०० मीटर आता. ११० च टाकू ना?

निवृत्त_मास्तर :
११० च. सेकंदाला ८ लीटर धरले तर ३०० मीटर ९० आणि ६०० मीटर ११० मिळून घर्षण साधारण ११ मीटर होईल. आधी तुमच्या ६०० मीटरलाच १९ जात होते. पुढच्या शेताची उंची मात्र मोजून घ्या, ती सूत्रात कमी होत नाही. आणि गेजच्या सॅडल काढू नका.

तापीकाठ :
काढल्या नाहीत सर. प्लग लावून ठेवलेत. निंबाखालच्या सॅडलभोवती सालदाराने विटांचं छोटं घर बांधलंय, वर फरशी टाकलीये. काका संध्याकाळी त्याच फरशीवर बसतात.